माती, विहीर आणि पेंड: एका वस्तीवरील तपासण्यांचे प्रकरण

हे प्रकरण अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तरेकडील, प्रवरेच्या कालव्याखालच्या एका वस्तीचे आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव सांगितलेले नाही, काही किरकोळ तपशील बदलले आहेत आणि अहवालांतले आकडे जवळच्या पूर्णांकात घेतले आहेत. माती, पाणी आणि पशुखाद्य या तिन्हींच्या तपासण्या वेगवेगळ्या दारांत होतात आणि तिन्ही कागद एकत्र ठेवून कोणी वाचत नाही. या कुटुंबाचे नुकसान मुख्यतः तिथेच होत होते. म्हणून हे सगळे सविस्तर लिहीत आहे.

पार्श्वभूमी

दोन भावांचे एकत्र कुटुंब. थोरल्याला सगळे दादा म्हणतात. शेतीचा हिशेब त्यांच्याकडे. धाकटा भाऊ आणि त्याची बायको (पुढे ‘वहिनी’) गोठा बघतात. घरात आई, दोन शाळकरी मुले आणि धाकट्याचे पाच महिन्यांचे बाळ. जमीन पाच एकर, काळी. अडीच एकर ऊस, बाकी घास, संकरित नेपियर, मुरघासासाठी मका आणि थोडा गहू. गोठ्यात सात संकरित गाई, त्यांपैकी पाच दुभत्या. कालव्याचे आवर्तन मिळते, पण त्याचा भरवसा नाही. वर्षातले निम्म्याहून अधिक पाणी विहिरीचे. घराच्या मागे एक बोअर आहे, त्याला पाणी कमी.

विहीर गोठ्याच्या खालच्या अंगाला आहे. उकिरडा विहिरीपासून पंचवीस-तीस फुटांवर, आणि गोठा धुतलेले पाणी त्याच बाजूने नेपियरच्या तुकड्यात जाते. वस्तीवर गेलेल्या माणसाला हे पहिल्या पाच मिनिटांत दिसते. घरच्यांना ते वर्षानुवर्षे तसेच दिसत असल्यामुळे त्यात वावगे काही वाटत नव्हते.

अडचण काय होती

एकाच वेळी तीन तक्रारी होत्या. उसाच्या खोडव्यावर (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकावर) सलग दोन वर्षे केवडा पडला होता: कोवळी पाने पिवळी-पांढरी, शिरा तेवढ्या हिरव्या. खालच्या टोकाला दहा-बारा गुंठ्यांचा पट्टा चिबड (पाणी धरून राहणारा) होता, उन्हाळ्यात तिथे क्षारांचे पांढरे फुटायचे. आणि पावसाळ्याच्या अखेरीपासून गाई बिघडल्या होत्या. शेण पातळ, तीन गाई वारंवार उलटत होत्या (भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येत होत्या), आणि दूध केंद्रावर एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) ८.१ ते ८.२ च्या वर जात नव्हते. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. खाली गेलेल्या प्रत्येक पॉइंटला कपात होते, म्हणजे नुकसान दर दहा दिवसांच्या बिलात दिसत होते.

उपाय चालू होतेच, पण अंदाजाने. गाईंना खनिज मिश्रण बदलून झाले, खाद्यातले विष शोषणारी पावडर सुरू झाली. खोडव्यासाठी कृषी सेवा केंद्राने एकरी दोन टन जिप्समचा सल्ला दिला होता. ‘जमीन खारवट झालीय, जिप्समशिवाय पर्याय नाही,’ असे दादांना सांगण्यात आले आणि त्यांना ते पटले होते, कारण पांढरे फुटलेला पट्टा डोळ्यांसमोर होता. ऑर्डर द्यायच्या आधी धाकट्याने आमच्या शेतकरी गटात विषय काढला.

हातात आधीच असलेले कागद

घरात दोन अहवाल होते. दोन्हींवर विसंबून निर्णय झाले होते, म्हणून ते आधी पाहिले.

पहिला कागद मृदा आरोग्य पत्रिकेचा. ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि पत्रिकेवर १२ घटक असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. पत्रिका चांगली आहे, पण सुरुवातीच्या फेऱ्यांत नमुना प्रत्येक शेतातून घेतलेला नव्हता. बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकटीला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरांच्या चौकटीला एक अशी पद्धत होती, आणि चौकटीतल्या सगळ्या शेतकऱ्यांना त्याच नमुन्याचे आकडे गेले. दादांच्या पत्रिकेवर लोह पुरेसे दिसत होते. नमुना कोणाच्या बांधाआड घेतला हे कोणालाच आठवत नव्हते. चौकटीचा कागद गावाचा कल कळायला उपयोगी आहे. दोन वर्षे केवडा पडणाऱ्या एका तुकड्याचे निदान त्यावरून करू नये.

दुसरा कागद विहिरीच्या पाण्याचा, तीन वर्षांपूर्वीचा. शेरा होता: ‘सिंचनास मध्यम योग्य’. घरात त्याचा अर्थ ‘पाणी चांगले आहे’ असा घेतला गेला. तो अहवाल सिंचनाचा होता. त्यात सामू, क्षारता, कार्बोनेट, बायकार्बोनेट, क्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम होते. नायट्रेट नव्हते, जिवाणू नव्हते, कारण पिकाच्या दृष्टीने ते कोणी विचारले नव्हते. त्याच विहिरीचे पाणी सात गाई आणि सात-आठ माणसे पीत होती.

पर्याय

गटात बसून चार वाटा मांडल्या.

जिप्सम टाकून पाहणे ही पहिली. खर्च मोठा, आणि नेम चुकला तर वर्ष वाया.

दुसरी, सगळ्या गोष्टींची सगळी तपासणी एकदम करणे. धाकट्याचा कल इकडे होता. माती आणि सिंचनाचे पाणी सरकारी किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत माफक शुल्कात होते. पशुखाद्यातील बुरशीजन्य विषाची चाचणी मात्र तालुक्यात कुठे होत नव्हती, आणि खासगी प्रयोगशाळेत एका नमुन्याचा खर्च माती-पाण्याच्या एकत्रित खर्चापेक्षा जास्त पडत होता.

तिसरी वाट, गाईंचे आधी आणि उसाचे नंतर. चौथी, प्रत्येक तपासणीला आधी प्रश्न लावणे: या आकड्यावरून आपण नेमका कोणता निर्णय बदलणार?

चौथी वाट घेतली आणि तिच्यातून क्रम आपोआप ठरला. जिप्समचा निर्णय मातीवर अवलंबून होता, पण शेतात ऊस उभा होता आणि नुकतेच खत पडले होते. अशा वेळी घेतलेला नमुना खताचेच आकडे दाखवतो. म्हणून मातीचा नमुना तोडणीनंतर, खोडव्याला खत देण्याआधी घ्यायचा आणि तोवर जिप्सम थांबवायचे असे ठरले. दादा नाखूश होते, पण कबूल झाले. गाईंसाठी आधी जनावरांच्या डॉक्टरांनी सडांची तपासणी करायची, मग खाद्य. पाणी लगेच.

पाण्याचा अर्ज भरताना एक साधा प्रश्न विचारला: हे पाणी कोण कोण पिते? वहिनी म्हणाल्या, ‘सगळेच पितात. बाळाला पावडरचं दूध देतो ना, त्यालाही हेच. पण उकळून देतो, कच्चं नाही देत.’ अंगावरचे दूध पुरत नसल्याने महिनाभरापासून बाळ पावडरच्या दुधावर होते.

इथे पाण्याचे काम बाकी सगळ्याच्या पुढे गेले. पाण्यात नायट्रेट जास्त असेल तर ते उकळून जात नाही. वाफ होऊन पाणी कमी होते आणि नायट्रेट उलट दाट होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. गोठा आणि उकिरडा विहिरीच्या इतक्या जवळ असताना अहवालाची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. त्याच दिवशी बाळाचे पाणी बदलायला सांगितले आणि बाळाला आरोग्य केंद्रात दाखवायला पाठवले. तिथे त्रासाची काही लक्षणे आढळली नाहीत.

बाळासाठी पाणी कुठून आणायचे? ग्रामपंचायतीचे शुद्ध पाण्याचे यंत्र दीड किलोमीटरवर आहे. ‘शुद्ध’ असे लिहिले आहे एवढ्यावर न थांबता त्याचाही नमुना सोबत दिला.

नमुने घेताना

प्रयोगशाळा तिच्यासमोर आलेल्या बाटलीचे आणि पिशवीचे उत्तर देते. त्यात काय भरले ते आपल्या हातात असते, म्हणून या भागात घाई करू नये.

पाण्याचे दोन संच केले. रासायनिक तपासणीसाठी एक लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली, त्याच पाण्याने तीनदा खळाळून. पंप पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवून मगच भरली, म्हणजे पाइपात साचलेले पाणी निघून गेले. जिवाणूंसाठी बाटली घरची चालत नाही. ती प्रयोगशाळेतून निर्जंतुक केलेली आणली, तोंडाला हात न लावता भरली आणि बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोचवली. पिण्याच्या पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दिली. बाटलीवर विहीर की बोअर, तारीख आणि ‘पिण्यासाठी, जनावरांसाठी व सिंचनासाठी’ असे तिन्ही उपयोग लिहिले.

मातीचे नमुने जानेवारीत, तोडणी झाल्यावर घेतले. धाकटा भाऊ युरियाची रिकामी गोणी आणि जस्ताच्या मुलाम्याचे घमेले घेऊन आला होता. दोन्ही बाजूला ठेवले. युरियाच्या गोणीतून नत्राचा आकडा खोटा होतो, आणि घमेल्याच्या मुलाम्यातून जस्ताचा. प्लास्टिकचे घमेले आणि लाकडी खुंटी वापरली. नागमोडी चालत, बांध, झाडाची सावली आणि जुनी खताच्या ढिगाची जागा सोडून, इंग्रजी व्ही अक्षरासारखे वीत-सव्वा वीत खोल खड्डे घेतले. खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी माती काढली, सावलीत वाळवली आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्ध्या किलोवर आणली.

दादांचा आग्रह होता की चिबड पट्ट्याची मातीही त्यातच मिसळावी, ‘शेत एकच आहे.’ या प्रकरणातला हा मोठा निर्णय. मिसळली असती तर क्षारता मध्ये कुठेतरी आली असती, आणि त्या आकड्याचे शेत जमिनीवर कुठेच नसते. खोडव्याचा मुख्य तुकडा, चिबड पट्टा आणि घासाचा तुकडा असे तीन वेगळे नमुने गेले.

पेंडीचे सर्वांत अवघड. बुरशी पोत्यात सारखी पसरत नाही. एका कोपऱ्यात ओल लागली की तिथे विष तयार होते आणि वीतभर अंतरावरची पेंड स्वच्छ असते. वरून मूठभर काढून दिलेला नमुना जवळपास निरुपयोगी. सरकी पेंडीच्या सहा पोत्यांतून, प्रत्येकाच्या वर, मध्ये आणि तळातून काढून, मिसळून, चौथाई करत किलोभर नमुना केला. तो कागदी पिशवीत दिला, कारण प्लास्टिकमध्ये घाम सुटतो आणि वाटेतच बुरशी वाढते. गोळी पेंडीचा नमुना वेगळा, पोत्यावरच्या लेबलाचा फोटो सोबत.

पाण्याचा अहवाल

पाण्याची एक बाटली धाकट्याने हौसेने खासगी प्रयोगशाळेतही दिली होती आणि तो अहवाल आधी आला. त्यात नायट्रेट २६.६ होते. मर्यादा ४५ हे दादांनी मोबाइलवर पाहिले होते. ‘बघा, निम्म्याच्या जवळपास आहे, उगाच घाबरवलंत,’ असा त्यांचा फोन आला.

त्या रकान्यात बारीक अक्षरांत ‘नायट्रोजन म्हणून’ लिहिले होते. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम म्हणते ते पूर्ण नायट्रेट धरून. नुसता नायट्रोजन धरला तर तीच मर्यादा सुमारे १० होते. नायट्रोजनचा आकडा ४.४३ ने गुणला की नायट्रेट मिळते. २६.६ चे झाले ११८. आठवड्याने आलेल्या सरकारी अहवालातही ११८ च्या आसपासच आकडा होता, अडीच पटींहून जास्त. या मर्यादेला मानकात सूटही नाही. एकाच पाण्याच्या दोन कागदांपैकी एक घराला निश्चिंत करतो आणि दुसरा सावध, आणि दोन्ही बरोबर असतात. प्रयोगशाळांनी हा आकडा दोन्ही रीतींनी छापला पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

बाकी आकडे असे होते. क्षारता २.१ डेसिसायमन, विरघळलेले क्षार साडेतेराशे मिलिग्रॅमच्या आसपास, कठीणपणा ६४० (मानकाची कमाल मर्यादा ६००), आणि कोलिफॉर्म जिवाणू आढळले. सोडियमचे प्रमाण दाखवणारा एसएआर ५, शिल्लक सोडियम कार्बोनेट शून्य. बोअरमध्ये नायट्रेट ५२, म्हणजे तेही बाळासाठी नाही. ग्रामपंचायतीच्या यंत्राच्या पाण्यात १४.

हा एक कागद तीन वेळा वाचावा लागला. उसासाठी: क्षार जास्त, २.२५ च्या वरच्या वर्गाला टेकलेले, पण सोडियमचा धोका नाही. माणसांसाठी: चालत नाही. गाईंसाठी: सुमारे १३० मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालवून घेतात, पण अट अशी की चाऱ्यातून नायट्रेट कमी जात असावे. गोठ्याचे सांडपाणी पिऊन वाढलेल्या नेपियरच्या कांड्यावर डॉक्टरांनी नायट्रेट ओळखणाऱ्या डायफिनिलअमाइनचा थेंब टाकला तेव्हा चिरलेला भाग गडद निळा झाला. म्हणजे अट पाळली जात नव्हती.

चौथे वाचन गटातल्या एका निवृत्त कृषी सहायकांनी केले, आणि ते मला या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाटते. एक हेक्टरावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे एक लाख लिटर. लिटरला २६.६ मिलिग्रॅम नायट्रोजन, म्हणजेच नत्र, धरले तर त्यातून २.७ किलो नत्र जाते. उसाला हंगामात विहिरीचे ५० सेंटिमीटर पाणी दिले तरी १३३ किलो नत्र, म्हणजे ४५ किलोच्या सहाहून अधिक गोण्या युरिया. खोडव्याची विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे. तिच्या निम्म्याहून जास्त नत्र पाण्यातून जात होते, वरून दादा शिफारशीपेक्षाही जास्त युरिया टाकत होते, आणि पिकाने न घेतलेला भाग पुन्हा विहिरीत उतरत होता. पाण्यातले सगळे नत्र पिकाला मिळत नाही हे खरे, पण ते हिशेबात शून्य धरणे चूक होते.

मातीचा अहवाल

मुख्य तुकडा: सामू ८.३, क्षारता ०.६, सेंद्रिय कर्ब ०.५८ टक्के, मुक्त चुना १४ टक्के, विनिमययोग्य सोडियम ७ टक्के. स्फुरद हेक्टरी ४१ किलो आणि पालाश ५६० किलो, दोन्ही ‘खूप जास्त’ या वर्गात. लोह ३.१ पीपीएम (४.५ च्या खाली कमतरता), जस्त ०.४८ (०.६ च्या खाली कमतरता).

जिप्समचा प्रश्न इथे संपला. मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेले तर त्याला हटवायला जिप्सममधला कॅल्शियम लागतो. इथे सोडियम ७ टक्के आणि चुना मुळातच भरपूर. जमीन चोपण (सोडियमने बिघडलेली) नव्हती, चुनखडीची होती. लोह जमिनीत असते, पण चुना आणि चढा सामू ते मुळांना मिळू देत नाहीत, आणि वर्षानुवर्षे डीएपी हे खत टाकून साचलेला स्फुरद ती अडचण वाढवतो. केवडा त्याचा.

उपलब्ध नत्र मात्र ‘कमी’ दिसत होते आणि दादांनी लगेच विचारले की पाण्यातून एवढे नत्र येते तर ते गेले कुठे. या चाचणीत प्रामुख्याने सेंद्रिय पदार्थातून सुटणारे नत्र मोजले जाते. नायट्रेट पाण्याबरोबर हलत राहते आणि या आकड्यात उतरत नाही.

चिबड पट्ट्याची क्षारता ३.४ आली. तिथला प्रश्न खाली अडलेल्या पाण्याचा होता. निचऱ्याशिवाय कोणतेही पोते टाकून तो सुटत नाही.

पेंडीचा अहवाल

सरकी पेंडीत अफ्लाटॉक्सिन बी-१ हे बुरशीचे विष ६४ पीपीबी (अब्ज भागांत ६४ भाग). तयार पशुखाद्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा २० पीपीबी आहे. गोळी पेंडीत प्रथिने लेबलापेक्षा दीडेक टक्का कमी, विष नगण्य. सरकी पेंड पावसाळ्यात सुटी घेतलेली होती आणि थेट फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवली होती.

पेंड विक्रेत्याने स्वतःचा नमुना तपासून आणला, त्यात ९ पीपीबी. दोघांपैकी खोटे कोण, यावर चर्चा घसरू लागली. खोटे कोणीच नसावे. विष पोत्यात असेच विखुरलेले असते. तेव्हा डॉक्टरांनी सुचवले की पोती तपासत बसण्यापेक्षा गोठ्यातले एकत्र दूध तपासा. गाईने खाल्लेल्या बी-१ मधला थोडा भाग, साधारण शेकडा एक ते सहा, एम-१ या रूपात दुधात उतरतो. पाच गाईंचे एकत्र दूध म्हणजे त्यांनी त्या दिवसांत खाल्लेल्या सगळ्या पेंडीचा आपोआप मिसळलेला नमुना. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची दुधासाठी मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. आकडा आला ०.४. मर्यादेच्या आत, पण घरातली मुले हेच दूध पितात म्हटल्यावर कोणालाच ते पुरेसे वाटले नाही.

सडांच्या तपासणीत दोन गाईंना सुप्त कासदाह (बाहेरून न दिसणारी कासेची सूज) निघाला होता. एसएनएफ घसरण्याचा काही भाग त्याचा होता, हे इथे नोंदवणे भाग आहे. नाहीतर सगळे खापर पेंडीवर फुटले असते.

काय केले

बाळाचे पाणी पहिल्याच दिवशी बदलले होते, ते ग्रामपंचायतीच्या यंत्राचे कायम ठेवले. घरच्या बाकी सगळ्यांसाठीही रोज दोन जार येऊ लागले. घरगुती आरओचा पर्याय होता, त्याने नायट्रेट बरेच कमी होते, पण वाया जाणारे पाणी आणि विजेचे वेळापत्रक पाहून सोडला. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला सुरुवात झाली. त्याने जिवाणू मरतात, नायट्रेट तसेच राहते, हे वहिनींना आणि आईंना नीट सांगितले.

उकिरडा वरच्या बाजूच्या पडीक कोपऱ्यात, विहिरीपासून लांब नेला. गोठ्याच्या सांडपाण्याला पक्की नाली करून ते गव्हाच्या तुकड्याकडे वळवले. विहिरीचा कठडा उंच केला. या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला आणि सर्वांत कमी उत्साह होता.

गाईंना बोअरचे पाणी. उकिरड्यालगतचे नेपियर बंद, बाकी हिरव्यात कडबा मिसळून. सरकी पेंडीची उरलेली पोती शेणखतात गेली; विकून टाकावीत अशी सूचना आली होती, ती वहिनींनी मोडून काढली: ‘आपल्या गाईला नको ते दुसऱ्याच्या गाईला कसं चालेल?’ नवी पेंड लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून, आणि महिन्याला पुरेल एवढीच. मुरघासाच्या खड्ड्याचा बुरसटलेला थर रोज काढून टाकणे सुरू झाले. कासदाहाचे उपचार डॉक्टरांनी केले.

खोडव्याला हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट आणि २० किलो झिंक सल्फेट, दहापट शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून काही दिवस मुरवून दिले. नुसते टाकले असते तर चुन्याने ते पुन्हा अडकवले असते. स्फुरद आणि पालाश शिफारशीच्या निम्मे. युरियावर वाद झाला. कृषी सहायकांचे म्हणणे निम्मा करा, दादांचे म्हणणे एक गोणीही कमी नको. शेवटी शिफारशीच्या तीन चतुर्थांश युरिया आणि शेताच्या मधोमध चार सऱ्यांना दादांच्या पद्धतीने पूर्ण, असे ठरले. चिबड पट्ट्यातला ऊस काढून तिथे पॅरा गवत लावले.

निष्पत्ती

पेंड बंद केल्यावर आठवड्याने घेतलेल्या दुधात एम-१ मोजण्याइतकेही नव्हते. शेण दोन-तीन आठवड्यांत घट्ट झाले. एसएनएफ ८.४ पर्यंत आले, ८.५ ला अजून रोज टेकत नाही. उलटणाऱ्या तीनपैकी दोन गाई गाभण राहिल्या. त्याचे श्रेय चारा-पाण्याच्या बदलाला द्यायला मी तयार नाही. हिवाळाही आला होता, आणि डॉक्टरांनी वेगळे उपचारही केले होते.

खोडव्यावर त्या उन्हाळ्यात केवडा फक्त विहिरीकडच्या एका कोपऱ्यात दिसला, तिथे अर्धा टक्का फेरस सल्फेटची फवारणी केली. चार सऱ्यांत आणि बाकी शेतात तोडणीच्या वेळी नजरेत भरेल असा फरक नव्हता. वजन वेगळे केलेले नाही, त्यामुळे याहून जास्त काही म्हणता येत नाही. पुढच्या खोडव्याला दादा स्वतःहून युरिया आणखी कमी करणार आहेत.

विहिरीतले नायट्रेट वर्षाने ११८ वरून ९६ वर आले. हे अजून दुपटीहून जास्त आहे. जमिनीत उतरलेले नत्र निघून जायला वर्षे लागतात, आणि पावसाळ्यानंतरचा एक आकडा पाऊसमानानेही खालीवर होतो.

वेगळे काय करता आले असते

पिण्याच्या पाण्याची तपासणी गर्भारपणातच व्हायला हवी होती. आशाताई घरी येत होत्या, लोहाच्या गोळ्यांची नोंद होत होती. वस्तीवरच्या विहिरीचा प्रश्न त्या भेटींत कुठेच नव्हता. जल जीवन मिशनखाली गावांत पाणी तपासणीचे संच दिले जातात आणि जलसुरक्षक असतो, पण त्यांची नजर नळयोजनेच्या पाण्यावर असते. वस्तीवरच्या खासगी विहिरी तशाच राहतात.

सडांची तपासणी पेंडीच्या आधी झाली ते बरे झाले, पण ती गाई बिघडल्यावर पहिल्याच आठवड्यात होऊ शकली असती. तिचा खर्च किरकोळ आहे आणि उत्तर गोठ्यातच मिळते. दुधातल्या एम-१ चा नमुना तर पेंडीच्या आधीच द्यावा, असे मी आता प्रत्येक दूध उत्पादकाला सुचवतो. बऱ्याच दूध संघांकडे त्याची पट्टी-चाचणी असते. पेंडीची महागडी चाचणी दुधात काही आढळले तरच करावी.

दोन प्रयोगशाळांत एकाच पाण्याच्या बाटल्या देण्यावर खर्च झाला, पण नायट्रेटच्या आकड्याचा घोळ त्यामुळेच उघड झाला. एकच अहवाल असता तर दादा निश्चिंत झाले असते. अहवाल देताना खिडकीवर दोन मिनिटे समजावून सांगणारा माणूस असता, तर दुसऱ्या बाटलीची गरजच नव्हती.

उरलेला प्रश्न शेजाऱ्यांचा. त्याच ओढ्याकाठी आणखी चार विहिरी आहेत, गोठे तसेच चिकटून. तीन घरांनी नमुने द्यायचे कबूल केले आहे. चौथे घर नाही म्हणते, कारण पाणी खराब आहे हे दूध केंद्राच्या कानावर गेले तर दूध नाकारतील अशी त्यांना भीती आहे. तिथेही एक गर्भवती सून आहे. त्यांच्यासाठी बाटलीवर नावाऐवजी आमच्या शेतकरी गटाने दिलेला क्रमांक लिहून नमुना देण्याची तयारी केली आहे, आणि त्यांच्याशी बोलायला वहिनी स्वतः जाणार आहेत.